प्रिंट बिघडते कुठे? डिफॉल्ट सेटिंगची गोष्ट

आजचा विषय छोटा आहे, पण फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी घाम फोडणारा. मोबाइलवर एका पानात बसलेला बायोडेटा झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांवर का येतो? दुसऱ्या पानावर फक्त सही आणि तारीख! पैसे दुप्पट, शिवाय मागे रांग.

आपण दोष देतो प्रिंटरला. खरं कारण बऱ्याचदा फाइलमध्येच असतं.

कागदाचं माप आधी बघू. आपल्याकडे चालतो ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेत चालतो लेटर, म्हणजे साधारण २१६ बाय २७९. लेटर थोडा रुंद, पण उंचीला १८ मिलिमीटर कमी. म्हणजे पानामागे तीनेक ओळी गेल्या! तुमचं अ‍ॅप लेटरवर सेट असेल, तर तुम्ही नकळत अमेरिकन कागदावर लिहिताय.

आता 'डिफॉल्ट' म्हणजे काय? आपण काहीच सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर जे गृहीत धरतं, ते. आणि ते एका जागी नसतं, तीन जागी असतं.

पहिली जागा, तुमची फाइल. कागदाचं माप आणि समास फाइलसोबत प्रवास करतात. मित्राची जुनी फाइल घेऊन त्यात नाव बदललं, तर त्याचं सेटिंगही तुमच्याकडे आलं.

दुसरी जागा, अ‍ॅप. वर्डमध्ये 'लेआउट' उघडा, 'पेज सेटअप'च्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, 'पेपर'मध्ये ए-४ निवडा आणि खाली 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' दाबा. हे 'नॉर्मल' नावाच्या टेम्प्लेटमध्ये साठतं, म्हणून पुढची प्रत्येक नवी फाइल ए-४. जुन्या फाइली मात्र तशाच राहतात, त्या एकेक बदलाव्या लागतात. कॉम्प्युटरवर गूगल डॉक्स वापरत असाल, तर 'फाइल', मग 'पेज सेटअप', आणि तिथेही 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' आहे.

तिसरी जागा, प्रिंटर. दोन्ही बाजूंनी छपाई, रंगीत की काळी, हे तिथे ठरतं. प्रिंट करताना बदललेलं बहुतेक वेळा तेवढ्यापुरतंच असतं. कायमचं हवं असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रिंटरचं 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' बदला. आणि विंडोज सारखा भलताच प्रिंटर निवडत असेल, तर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो.

पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर यातलं काहीच आपल्या हातात नसतं, बरोबर? म्हणून सोपा नियम: दुकानात वर्डची फाइल पाठवायचीच नाही, पीडीएफ पाठवायची. पीडीएफमध्ये पानं आणि ओळी जिथल्या तिथे राहतात. मराठीसाठी तर हे फारच महत्त्वाचं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य अक्षरं दिसतात. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा आतच बांधला जातो.

पाठवण्याआधी ती पीडीएफ एकदा मोबाइलवर उघडा आणि पानं मोजा. दुकानदाराला एवढंच सांगा: "दादा, ए-४ वर, अ‍ॅक्च्युअल साइझ."

चला, भेटू पुढच्या भागात!