नानीच्या गालावरचा डाग

गेल्या पावसाळ्यात अम्मीची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा कपड्यांखाली एक फ्रेम सापडली. 1982 सालचा रंगीत फोटो. नानी, मामू आणि मध्ये सहा वर्षांची अम्मी. नाना तेव्हा कुवेतला होते. त्यांना पाठवायला म्हणून गावच्या स्टुडिओत हा फोटो काढलेला; एक प्रत तिकडे गेली, एक इथे राहिली. कोकणात अशा किती पेट्या असतील! आमच्या फोटोत सगळे चेहरे लालसर झाले होते, कागद काचेला चिकटला होता आणि नानीच्या डाव्या गालावर बुरशी चढली होती. मरहूम नानीचा आमच्याकडे हा एकच फोटो.

आम्ही दोघी बहिणींनी तो नीट करायला घेतला. रोज इशाच्या नमाजनंतर अर्धा तास, मोबाइलवरच.

पहिली गोष्ट, काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. चित्राचा थर काचेवरच राहतो आणि हातात कोरा कागद येतो. आम्ही फ्रेम खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशी ठेवली, फ्लॅश बंद केला आणि एकीने मोबाइलच्या मागे काळी ओढणी धरली, म्हणजे काचेत आमचेच चेहरे दिसू नयेत. (सुटा फोटो असेल तर सरळ स्कॅन करावा, 600 डीपीआयवर.) ही मूळ प्रत बाजूला ठेवली. तिला हात लावायचा नाही. जे काही करायचे ते दुसऱ्या प्रतीवर.

लाली का आली, तेही कळले. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगांचे थर असत. त्यातला निळसर थर पेटीच्या अंधारातसुद्धा लवकर विटतो, मग लालच वर दिसतो. स्नॅपसीड हे ॲप फुकट मिळते. त्यातल्या ‘कर्व्हज’मध्ये लाल रेघ जराशी खाली ओढली आणि नानीची साडी हिरवी झाली. अम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “हीच. ईदला घेतलेली.”

मग ‘हीलिंग’. डागावर बोट टेकवले की ॲप शेजारचा रंग उचलून तिथे भरते. भिंतीवरचे आणि साडीवरचे ठिपके असे एकेक करून गेले. या कामात मन फार शांत होते, हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते. दिवसभराची कटकट त्या एका ठिपक्यापुरती विसरायला होते.

गालावरचा डाग मात्र मोठा होता. शेजारून उचलण्यासारखे काही उरलेच नव्हते. धाकटीने कंटाळून फोटो एका एआय ॲपला दिला. क्षणात चेहरा स्वच्छ, कातडी तुळतुळीत. हनुवटीवरचा तीळही त्याने डाग समजून पुसला. अम्मीने बराच वेळ पाहिले. म्हणाली, “बाई छान आहे. पण ही कोण?”

ती प्रत आम्ही तिथल्या तिथे पुसली. ॲपला नानी ठाऊक नाही. ते हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधते. आम्ही डाग फक्त फिका केला आणि ठेवला.

तसबिरींबद्दल आपल्याकडे उलेमांत मतभेद आहेत. आमच्या घरी फोटो भिंतीवर लागत नाहीत. नवी प्रतही अल्बममध्येच गेली. खाला म्हणाली, खानदानच्या ग्रुपवर टाका. अम्मीने नकार दिला. नानीला ते आवडले नसते. फक्त मामूला आणि खालाला वेगवेगळा पाठवला, तोही ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते आणि बारकावे जातात.

आता पेटीतले बाकीचे फोटो अम्मी स्वतःच घेऊन बसते, चष्मा नाकावर ओढून. परवा मामूच्या शर्टाला एक बटण नव्हते म्हणून आम्ही शेजारचे उचलून लावू लागलो, तर तिने हात धरला. “राहू दे. ते मीच तोडले होते.”