सातपूरमधील अहिराणीचे बेट

सातपूर, प्रतिनिधी : अशोकनगर किंवा श्रमिकनगरमध्ये फिरताना 'कथा चालना?' असा प्रश्न कानी पडला, तर तो 'कुठे निघालास?' या अर्थाने घ्यावा. ही अहिराणी होय. १९६०च्या दशकापासून सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहत गेली, तसतशी धुळे, जळगाव, नंदुरबार आणि सटाणा, कळवण, मालेगाव या भागांतून कामगार कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्यासोबत त्यांची बोलीही आली. कारखान्यात आणि शाळेत प्रमाण मराठी, घरात आणि ओट्यावर अहिराणी, अशी विभागणी अनेक वर्षे सुखेनैव चालली. आता मात्र ती टिकेल का, असा प्रश्न निर्माण झाला आहे.

बोली की भाषा?

अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज शहरात सर्रास आढळतो. वस्तुतः तिला स्वतःचे नियम आहेत. मराठीतील 'चा-ची-चे'च्या जागी येथे 'ना-नी-नं' येतात. 'मला' म्हणजे 'माले'. 'घरात' म्हणजे 'घरमा'. हा 'मा' गुजरातीशी नाते सांगतो. 'आहे'साठी 'शे' वापरतात. 'तो करतो' याऐवजी 'तो करस' म्हणतात. 'ळ'चा 'य' होतो, म्हणून 'डोळा'चा 'डोया' आणि 'शाळा'ची 'शाया' होते.

या वेगळेपणामुळेच जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न करता १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांसोबत केला. जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीपासून स्वतंत्र होते आणि अहिराणी तिच्यात मोडते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत मात्र तिला स्थान नाही. व्यवहारात ती मराठीची बोली मानली जाते.

जपानचा धडा

बोली की भाषा, हा वाद जपानलाही चुकलेला नाही. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर हाचिजो हे बेट आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते टोकियोतच मोडते. मुख्य भूमीवर लोप पावलेली, बाराशे वर्षांपूर्वीच्या पूर्व जपानी भाषेतील काही रूपे तेथील बोलीत शिल्लक राहिली, कारण समुद्राने तिला वेगळे ठेवले. युनेस्कोने २००९ साली धोक्यातील भाषांच्या नकाशात जपानमधील ज्या आठ भाषा नोंदविल्या, त्यांत हाचिजोचा समावेश आहे. जपानमध्ये मात्र तिला जपानीची बोलीच समजले जाते.

दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर तर शाळेत स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविण्याची शिक्षा होती. दुसरे मूल बोलताना सापडेपर्यंत ती पाटी त्याच्याच गळ्यात राहत असे. सक्ती ओसरली, तरी लाज मागे उरली आणि अनेक पालकांनी मुलांशी आपली भाषा बोलणे सोडले.

पाटी नाही, पण...

सातपूरमध्ये कोणी पाटी अडकवीत नाही. शाळेत 'माले' म्हटल्यावर वर्गात पिकणारा हशा तेच काम करतो. हाचिजोला समुद्राचे कुंपण तरी होते. सातपूरच्या बेटाला तेही नाही. शाळा, कार्यालय, दूरचित्रवाणी, मोबाईल सारे प्रमाण मराठी, हिंदी वा इंग्रजीत. नातवाला आजीचे बोलणे समजते, पण तो उत्तर मराठीत देतो. समजणारे उरले आणि बोलणारे संपले की पुढच्या पिढीला देण्यासारखे काही राहत नाही.

आकडेही विचार करायला लावणारे आहेत. २००१च्या जनगणनेत देशात खानदेशी भाषकांची संख्या सुमारे २०.७५ लाख होती. २०११मध्ये ती सुमारे १८.६० लाखांवर आली. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. याचा अर्थ सुमारे २.१५ लाख माणसे बोलायची थांबली, असा लगेच काढता येणार नाही. जनगणनेत कुटुंब जी मातृभाषा सांगते, तीच लिहिली जाते. घरात अहिराणी असूनही अनेक जण 'मराठी' सांगतात. परंतु आपल्या भाषेचे नाव सांगावेसे न वाटणे, हेही तिच्या घसरणीचेच लक्षण नव्हे काय?

काय करता येईल?

बोली टिकविण्यासाठी मराठीशी भांडण मांडण्याची गरज नाही. मूल दोन भाषा सहज पेलते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाईची स्थापना होते, रोट केले जातात, अहिराणी गाणी म्हटली जातात. आखाजीलाही तेच. मात्र सणापुरती उरलेली भाषा हळूहळू केवळ गाण्यांची होते. तिला रोजच्या बोलण्यात जागा हवी. शब्दकोश, साहित्य, भाषा सर्वेक्षण ही कामे अभ्यासकांनी केली आहेत व करीत आहेत. पण नातवाने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला आजीने निःसंकोचपणे अहिराणीत उत्तर देणे आणि वर्गातल्या 'माले'वर शिक्षकांनी हशा पिकू न देणे, ही कामे कोणताही शब्दकोश करू शकणार नाही.