कळीचा चुना : गुणधर्म आणि उपयोग

सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदीच्या काठी शिरवळ वसले आहे. येथील प्राचीन बौद्ध लेणी अखंड कातळात कोरलेली असल्याने तेथे दगडाला दगड जोडण्याचा प्रश्न नव्हता. परंतु तट, देवळे, घाट व विहिरी बांधताना सांधे भरावे लागत आणि सिमेंट येण्यापूर्वी हे काम मुख्यतः चुना करीत असे. नीरेच्या खोऱ्यातील, १९२८ साली पूर्ण झालेले भाटघरचे धरणही दगड-चुन्याच्याच बांधकामाचे आहे.

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. दख्खनच्या काळ्या जमिनीत तिचे खडे आढळतात. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला तिच्यातील कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कॅल्शियम ऑक्साइड उरते. हाच कळीचा चुना.

या ऑक्साइडाला पाण्याची ओढ मोठी. ५६ किलो चुना १८ किलो पाणी सामावून घेतो व ७४ किलो विरलेला चुना तयार होतो. या क्रियेत पाणी उकळण्याइतकी उष्णता निर्माण होते. म्हणून कळीचा चुना कोरड्या जागी, मुलांपासून दूर ठेवावा. विरवताना तो पाण्यात थोडाथोडा टाकावा आणि डोळे व हात जपावेत.

भिंतीतील चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून सावकाश पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. चुनखडीत मातीचा अंश असल्यास किंवा चुन्यात विटांची सुरखी मिसळल्यास तो ओलाव्यातही घट्ट होतो.

चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते. जुन्या बांधकामावर सिमेंटचा कडक गिलावा केल्यास ती आत कोंडते, क्षार साचतात आणि विटा व मऊ दगड यांचे पापुद्रे सुटू लागतात. यास्तव गावातील जुनी विहीर वा देऊळ दुरुस्त करताना ग्रामपंचायतीने प्रथम मूळ बांधकाम कशाचे आहे ते पाहावे व जाणकारांचा सल्ला घ्यावा. वास्तू संरक्षित असल्यास पुरातत्त्व विभागाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे.

चुन्याचे हे रूपांतर शाळेतही दाखविता येईल. गळून पडलेल्या जुन्या चुन्याच्या तुकड्यावर शिक्षकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यास फेस येतो. भट्टीत गमावलेला व हवेतून परत मिळविलेला वायू तो हाच.