स्पॅनिशला मराठीचे दार

कोंढव्यातल्या आमच्या घरी रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी जावा अर्धा तास स्पॅनिश घेऊन बसतो. मुलांपायी नोकरी सुटली होती. पुण्याच्या कंपन्यांत परकी भाषा येणाऱ्यांना काम असते, म्हणून हा खटाटोप. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा रीतसर शिकवतात, पण वर्गाची वेळ जमत नाही.

पुस्तके इंग्रजीतून आहेत. मराठी शाळेत शिकलेली बाई तिथेच कचरते. खरे तर इंग्रजी बाजूलाच ठेवावी. ‘मला आंबा आवडतो’ म्हणजे ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे झाले की आपले ‘आवडतात’, त्यांचे ‘गुस्तान’. हुबेहूब मराठीची ठेवण! ‘बोलतोस’ म्हटल्यावर ‘तू’ लागत नाही, तसेच ‘आब्लास’. त आणि द तर आपलेच.

शब्दही ओळखीचे निघतात. ७११ ते १४९२ या काळात स्पेनमध्ये मुस्लिम राजवटी होत्या. अरबीतला ‘अल’ तिथे शब्दांना चिकटून राहिला: कापूस ‘अल्गोदोन’, उशी ‘अल्मोआदा’. साखर ‘आसुकार’, जैतून ‘आसेइतुना’. ‘कामिसा’ म्हणजे आपली कमीज, मात्र हा शब्द मुळात लॅटिनमधून अरबीत गेलेला. आणि ‘असे होवो’ म्हणताना ते ‘ओख़ाला’ म्हणतात. त्याचे मूळ ‘अल्लाहने चाहिले तर’. त्यातला ख़ ‘ख़बर’मधला.

क्रियापदांचे काळ मात्र छळतात. त्यावर आमचा उपाय एकच: रोज एक क्रियापद, पोळ्या लाटताना, मोठ्याने. ‘देले’ परीक्षेची पहिली पायरी ‘ए-१’; सध्या तयारी तिची.