आधी घड्याळ, मग विमा

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून न्यू जर्सीला आमच्याकडे आली. एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप निसटला, ओठ वाकडा झाला, जीभ जड झाली. तिचा विमा काढलेला नव्हता. ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणत मी तिला झोपवलं. ती माझी चूक.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री करून. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. चेहरा, हात, वाचा यांपैकी एक जरी अचानक बिघडलं, तरी वेळ लिहून ठेवा आणि ९११ फिरवा. १९८६ च्या कायद्यामुळे पैशांअभावी इमर्जन्सीतली तपासणी नाकारता येत नाही.

आईचा उजवा हात अजून उठत नाही.