गायन पार्टी आणि आठ माइक

आपल्या वस्त्यांतल्या गायन पार्ट्या आता घरच्या घरी गाणी मुद्रित करू लागल्या आहेत. त्यासाठी लागणाऱ्या यंत्राविषयी मात्र आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. माझे वडील ढोलकी वाजवीत. शाळेची पायरी त्यांनी पाहिली नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, अभियंता नाही. तरीही हा प्रश्न मला तंत्राचा कमी आणि शब्दांचा अधिक वाटतो.

ऑडिओ इंटरफेस हे यंत्र माइकमधला क्षीण प्रवाह वाढवते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि यूएसबीच्या तारेने संगणकाकडे पाठवते. मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर उतरणे. सारे महत्त्व या 'स्वतंत्र'ला आहे. सगळ्यांचे मिश्रण एकदाच मुद्रित झाले की शब्दांवर चढलेली ढोलकी मागाहून खाली आणणे फार कठीण. आमच्या पार्टीची एक जुनी कॅसेट आहे. ढोलकी खणखणीत, कोरसही ऐकू येतो. कडव्यातले शब्द तेवढे नाहीत! वामनदादा कर्डकांसारखी माणसे गावोगाव गात फिरली ती काही ठेका ऐकवायला नव्हे.

म्हणून पहिला प्रश्न विचारावा: एकाच वेळी किती माइक वेगवेगळे मुद्रित होतात? 'यूएसबी मिक्सर' म्हणून विकली जाणारी अनेक यंत्रे आठ माइक घेतात, पण संगणकाला दोनच ट्रॅक देतात. नावातल्या आकड्यांनीही फसू नये. फोकसराइटचे स्कार्लेट १८आय२० किंवा बेहरिंगरचे यूएमसी१८२० यांतले १८ म्हणजे अठरा माइक नव्हेत. माइकच्या जागा आठच. बाकीच्या दुसरे डिजिटल यंत्र जोडण्यासाठी असतात.

आता आपली माणसे मोजू. मुख्य गायक एक, कोरसवाले दोन, पेटी एक, ढोलकीच्या दोन तोंडांना दोन, खंजिरी एक, आणि विजेचा बेंजो थेट तारेने. झाले आठ. पैसे कमी असतील तर चार जागांचे यंत्र घ्यावे: गायक, कोरस, पेटी, ढोलकी. दोन जागांच्या यंत्रावर एकेकाला पाळीपाळीने मुद्रित करता येते, हे खरे. पण गायकाने ओळ टाकायची आणि कोरसने ती उचलायची, हा जिवंतपणा त्यात मरतो. मला ते पटत नाही.

१९२ किलोहर्ट्‌झच्या जाहिरातीला भुलण्याचे कारण नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ पुरेसे आहेत. एवढ्यानेही आठ ट्रॅकना मिनिटाला सुमारे ६९ मेगाबाइट जागा लागते. कंडेन्सर माइकला यंत्राकडून ४८ व्होल्ट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र साधे डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरलेले बरे, शेजारचा आवाज कमी शिरतो.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक नसते. आठ जागांची यंत्रे बहुधा स्वतंत्र अडॅप्टरवर चालतात. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जागा राहतो आणि इंटरफेस मरतो. म्हणजे कडवे गेले. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. सॉफ्टवेअरसाठी आर्डोर हा मुक्त स्रोताचा पर्याय आहे.

मुद्रण झाल्यावर मूळ ट्रॅक दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावेत, आणि प्रत्येक ट्रॅकला 'ऑडिओ ०३' असे नाव न देता वाजवणाऱ्याचे पूर्ण नाव द्यावे.