कान वगळून ऐकणं

कॉक्लिअर इम्प्लांट आता आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. पण त्या यंत्राची एक अट असते: कानापासून मेंदूपर्यंतची श्रवणाची नस शाबूत हवी. नसच नसेल तर?

एनएफ-2 या आनुवंशिक विकारात दोन्ही बाजूंच्या या नसांवर गाठी होतात. कर्करोग नव्हे, पण वाढल्या की मेंदूच्या देठावर दाब येतो आणि काढताना ऐकणं बहुधा जातंच. 1979 साली लॉस एंजेलिसच्या हाउस इअर इन्स्टिट्यूटमध्ये अशाच एका बाईंची शस्त्रक्रिया झाली. विल्यम हाउस (हा गृहस्थ मुळात दंतवैद्य!) आणि न्यूरोसर्जन विल्यम हिट्सेलबर्गर यांनी नस वगळून थेट मेंदूच्या देठावरच्या कॉक्लिअर न्यूक्लिअसवर, म्हणजे ती नस जिथे पोचते त्या केंद्रावर, इलेक्ट्रोड टेकवला. ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांटची सुरुवात ती.

2000 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या यंत्रात सिलिकॉनच्या इवल्याशा पट्टीवर प्लॅटिनमच्या 21 टिकल्या होत्या. लांबी साडेआठ मिलिमीटर, रुंदी तीन. पाठीला जाळी, म्हणजे पेशी त्यात वाढून पट्टी जागच्या जागी धरून ठेवतात.

काही आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू करतात, तेव्हा हृदयाचा मॉनिटर लावलेला असतो. श्वास आणि हृदयाची केंद्रं शेजारीच आहेत. ऑडिओलॉजिस्ट एकेक टिकली तपासतो. एकीनं आवाज येतो, दुसरीनं चेहरा लवतो, तिसरीनं गरगरतं. त्रास देणाऱ्या टिकल्या बंद. उरलेल्यांत वरचा सूर कुठला, खालचा कुठला, हे रुग्णालाच विचारून लावायचं.

खरी अडचण इथेच आहे. कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात, सूर पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीनं मांडलेले असतात. न्यूक्लिअसमध्ये ते खोलात उतरत जातात आणि इलेक्ट्रोडची पट्टी तर वरच बसते. सुईसारखे आत शिरणारे इलेक्ट्रोडही वापरून पाहिले, पण बोलणं समजण्यात फारसा फरक पडला नाही.

इटलीत व्हेरोनाला व्हित्तोरिओ कोलेत्ती यांनी गाठ नसलेल्यांना, जन्मतः नस नसलेल्या मुलांनाही हे यंत्र बसवलं. आपल्याकडे चेन्नईत मोहन कामेश्वरन यांनी या शस्त्रक्रिया केल्या आहेत. नुसत्या कानावर फोनवरचं बोलणं समजणारे थोडे. बाकीच्यांना दाराची बेल, गाडीचा हॉर्न, बोलण्याची लय कळते. माझ्या मते ठार शांततेपुढे हेही कमी नाही.

असं कुणी भेटलं तर ओरडू नका. उजेडात, समोरासमोर, तोंडावर हात न धरता बोला; यंत्राकडून अर्धं येतं, उरलेलं ती माणसं तुमच्या ओठांवरून घेतात.